बदामी पाझर

आजच्या रस्त्यांना अजून नावं पडली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट आहे. लहानांनी ऐकावी, मोठ्यांनीही ऐकावी. मोठ्यांनी जरा जास्तच लक्ष देऊन ऐकावी.

त्या काळी एका टेकडीच्या पायथ्याशी एक नगर होतं. टेकडीच्या अंगावर मोठं तळं होतं. तळ्याला दगडमातीची उंच पाळ घातलेली होती आणि पाळीच्या अगदी खाली रंगाऱ्यांची आळी होती. एके काळी या आळीतली निळी लुगडी दूरदूरच्या राज्यांत जात. पुढे व्यापाऱ्यांच्या तांड्यांना दुसरा सोपा घाट सापडला. तांडे यायचे थांबले. निळीचे रांजण कोरडे पडले. दर तीन घरांमागे एका घराला कुलूप लागलं. वेशीच्या कमानीवर पिंपळ उगवला, पण तो उपटायला वर चढेल असं कुणी उरलं नव्हतं.

वेशीजवळच्या उंचवट्यावर धर्मशाळा होती. ती एक विधवा बाई सांभाळत असे. सगळे तिला आक्का म्हणत. आक्का लग्न होऊन या नगरात आली त्याला तीस वर्षं झाली होती. नवरा गेला, केस पिकले, तरी नगराच्या लेखी ती बाहेरचीच होती. आणि माहेरी गेली की तिथली माणसं म्हणत, "आली बघा नगरवाली!"

धर्मशाळेच्या ओट्यावर बसून आक्काने एक गंमत पाहिली होती. संध्याकाळी नगरातली माणसं पारावर जमली की नगरालाच शिव्या घालत.

"हे काय नगर आहे? याच्यापेक्षा मसणवटा बरा. तिथे निदान कुणी येतं तरी."

"माझा मेहुणा गेला सोडून. आता भातावर तूप घेतो म्हणे."

"मग तू कशाला बसलायस इथे?"

"मी गेलो तर तुझं रडगाणं कोण ऐकेल, लेका?"

पण एखादा वाटसरू पाराशी येऊन टेकला, की हीच माणसं छाती फुगवून बसत. "पाहुणं, आमच्या तळ्याचं पाणी एकदा पिऊन बघा. पुन्हा दुसरं पाणी गोड लागायचं नाही."

वाटसरूंचंही तसंच. कुणी म्हणे, काय निवांत नगर आहे! कुणी म्हणे, इथलं कुत्रंसुद्धा भुंकायचा कंटाळा करतं. निवांत म्हणणारा दुसऱ्या दिवशी निघून जाई आणि नावं ठेवणाराही निघून जाई. आक्का दोघांना सारखीच भाकरी वाढी आणि दोघांचंही ऐकून घेई.

आक्काला एकच लेक होती. ती रंगाऱ्यांच्या आळीत दिलेली होती, पाळीखालच्या शेवटच्या घरात. जावई हाताचा कसबी होता, पण हाताला काम नव्हतं. चार वर्षं त्या घरात चूल दिवसातून एकदाच पेटत होती. लेक कधी आईजवळ मागायला आली नाही. आक्काच काही ना काही निमित्त काढून पदराखाली भाकरी घेऊन जाई.

पाळीच्या पायथ्याशी एक पाझर होता. पिढ्यान्‌पिढ्या तिथून बोटभर स्वच्छ पाणी येई आणि रंगारी त्यात कापड खळबळत. त्या वर्षी पावसाळा सरताना पाझर दोन बोटं झाला आणि पाणी गढूळ येऊ लागलं. आक्काच्या लेकीने एक पांढरं पागोटं त्या पाण्यात बुडवून ठेवलं आणि घरकामात विसरून गेली. काढून पाहते तर पागोट्याला मऊ बदामी रंग चढलेला. हिरड्याच्या पाण्यात उकळल्यावर तो पक्का बसला. वाट चुकून आलेल्या एका व्यापाऱ्याने ते पागोटं पाहिलं, उन्हात धरलं, आणि तसली शंभर मागितली.

मग काय विचारता! दोन महिन्यांत आळीतले सगळे रांजण भरले. तांडे पुन्हा वळू लागले. पाच-सात घरांची कुलपं निघाली. पारावरच्या शिव्याही थांबल्या. मेहुण्याचं तूप सांगणारा आता म्हणू लागला, "आम्ही कधी म्हटलं होतं हे नगर वाईट आहे म्हणून?"

एक दिवस गाढवावर छिन्न्या-हातोडे लादून एक पाथरवट धर्मशाळेत उतरला. गावोगाव फिरून विहिरी आणि बांध दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. आक्काने त्याला हात पुसायला बदामी पंचा दिला. हात पुसता पुसता तो थांबला. त्याने पंचाचं टोक ओलं केलं, अंगठ्याने चोळलं आणि नाकाशी धरलं.

"आक्का, हा रंग कशाचा?"

"पाळीच्या पाझराचा. आमच्या लेकीने शोधून काढलाय," आक्का कौतुकाने म्हणाली.

पाथरवट भाकरी तशीच ठेवून उठला. परत आला तेव्हा त्याचे पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने माखले होते.

"आक्का, पाळ पाझरते यात वाईट काही नाही. कष्टाच्या अंगाला घाम येतोच. पाणी स्वच्छ आहे तोवर पाळ घाम गाळतेय असं समजायचं. पाणी गढूळ झालं, की पाळ आतून वाहून चाललीय. तुम्ही लोक पाळच कापडाला फासून विकताय."

आक्काने हातातला तांब्या खाली ठेवला. "किती दिवस आहेत?"

"ते मी कसं सांगू? तळं अर्ध्यावर उतरवलं आणि पायथ्याशी वाळू-खडीचा भराव घातला, तर वाचेल. पण आधी ती आळी रिकामी करा."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने पारावर जाऊन हेच सगळ्यांना सांगितलं. पार हसून लोटपोट झाला.

"काल आला आणि आज आमचं तळं रिकामं करायला निघाला!"

"काम मिळत नसेल बिचाऱ्याला. म्हणून भराव सुचतोय."

मोठे महाजन, म्हणजे नगराचे प्रमुख, तेवढे हसले नाहीत. ते म्हणाले, "पाणी उतरवलं की पाझर थांबेल, पाझर थांबला की रंग थांबेल. चार वर्षांनी नगर उभं राहतंय, ते तुमच्या डोळ्यांत खुपतंय. पाहुणे आहात, पाहुण्यासारखे राहा. दोन दिवसांच्या माणसाला नगरातलं काय कळतं?"

पाथरवटाने त्याच दुपारी गाढव लादलं. निघताना म्हणाला, "आक्का, तुम्ही इथल्या आहात. तुम्ही बोला."

"मी? इथली?" आक्का म्हणाली आणि त्याच्या हातात वाटेसाठी भाकरी ठेवली.

आता त्या नगराची एक रीत तुम्हाला सांगायला हवी. दर अष्टमीला पारावर सभा भरे. सभेत बोलायला जो उठेल त्याने पाराखालची चिमूटभर माती कपाळाला लावायची आणि आपली नाळ नगरात कुठे पुरली आहे ते सांगायचं. ज्याची नाळ इथे नाही त्याने फक्त ऐकायचं. कधीकाळी परक्या माणसांनी गोड बोलून नगर लुटलं होतं, तेव्हा पूर्वजांनी ही रीत घालून दिली होती. तेव्हा ती शहाणपणाचीच असेल.

अष्टमीला आक्का उठली. पारावर कुजबुज झाली.

"आक्का, तुमची नाळ कुठे?" महाजनांनी विचारलं.

"पंधरा कोसांवर. माझ्या माहेरी."

"मग बसा."

"अहो, पण पाळ आतून..."

"पाळ आमच्या पूर्वजांनी बांधली. तुमच्या नव्हे."

मागून कुणीतरी ओरडलं, "नगर आवडत नसेल तर वेस उघडीच आहे, आक्का! आणि तुम्ही तर वेशीजवळच राहता!"

हशा झाला. आक्का खाली बसली. तीस वर्षांत तिने यांतल्या निम्म्या घरांना अडीनडीला पीठ दिलं होतं. ते तिला आठवलं, पण तिने ते बोलून दाखवलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती लेकीकडे गेली. लेक रांजणात कापड बुडवत होती. कोपरापर्यंत हात बदामी झाले होते. आक्काने सगळं सांगितलं. लेकीने मान वर केली नाही.

"मला ठाऊक आहे, आई."

"ठाऊक आहे?"

"पहिल्यांदा तीन बुडव्या द्याव्या लागायच्या. आता एकाच बुडवीत रंग चढतो. पाणी रोज दाट होतंय. हे आळीत प्रत्येकाच्या हाताला कळतंय."

"मग कुणी बोलत का नाही गं?"

"कोण बोलेल? चार वर्षांनी दोन्ही वेळा चूल पेटतेय. ती आपल्या हाताने कोण विझवेल?"

"विझलेली चूल पुन्हा पेटवता येते, पोरी," आक्का म्हणाली.

लेकीने हातातलं कापड पिळून दोरीवर टाकलं. मग म्हणाली, "माझी नाळ इथलीच आहे. मी बोलते."

पुढच्या अष्टमीला लेक उठली. तिने माती कपाळाला लावली आणि म्हणाली, "माझी नाळ याच नगरात, वेशीजवळच्या आवळ्याखाली पुरली आहे. या रंगाचं पहिलं पागोटं मीच रंगवलं. तो रंग नाही, आपली पाळ आहे. तळं उतरवा."

सभा गप्प झाली. इतकी, की आक्काला वाटलं, आता ऐकतील. आळीतला एक म्हातारा रंगारी गुडघ्यावर हात देऊन अर्धा उठलाही. शेजाऱ्याने त्याचं धोतर ओढलं. तो खाली बसला आणि जमिनीकडे बघू लागला.

महाजन म्हणाले, "बोलतेय लेक, पण शब्द आईचे आहेत."

"आईची नाळ बाहेरची, मग लेकीची अक्कल तरी इथली कशी असेल?" मागून कुणीतरी म्हणालं. पुन्हा हशा झाला आणि सभा उठली.

घरी जाताना लेक म्हणाली, "येत्या बुधवारी मोठा तांडा येतोय. त्यांचा माल द्यायचा शब्द गेलाय. तो दिला की आम्ही दोघं वर तुझ्याकडे राहायला येतो."

"आजच चल ना."

"पाचच दिवस, आई."

आक्काने धर्मशाळेची पूर्वेची खोली झाडली. शेणाने सारवली. दोन घोंगड्या अंथरल्या. रोज सकाळी ती खोली पुन्हा झाडायची.

बुधवारी लख्ख ऊन होतं. तांडा वेशीत शिरला. बैलांच्या घंटा वाजत होत्या. आळीत दोऱ्यांवर बदामी कापड वाळत होतं आणि एक नवखा व्यापारी ओट्यावर बसून म्हणत होता, "काय सुंदर नगर आहे हो! इथेच राहावंसं वाटतं." आक्काने त्याला पाणी दिलं आणि सवयीने पाळीकडे नजर टाकली. तीस वर्षं तिने पाळीची ती रेघ सरळ पाहिली होती. आज ती मधोमध जुन्या बाजेसारखी खचली होती.

आक्का अनवाणी धावत सुटली. चढावरूनच तिने लेकीच्या नावाने हाक मारली. लेक दारात आली. तिने आईकडे पाहिलं, मग वर पाळीकडे पाहिलं. वर यायची वाट तिच्यासमोर मोकळी होती. पण ती शेजारच्या दाराकडे वळली. "पळा! वर पळा!" मग ती त्याच्या पुढच्या दाराकडे गेली. मग त्याच्या पुढच्या. जावई पलीकडच्या ओळीतली दारं ठोठावत होता.

माणसं आक्काच्या शेजारून वर धावत गेली. त्यांत तो म्हातारा रंगारी होता. लेक नव्हती.

मग पाळ गेली. पाणी निळंही नव्हतं आणि काळंही नव्हतं. ते बदामी होतं.

तीन दिवसांनी पाणी ओसरलं. आळी होती तिथे दोन पुरुष खोल चिखल उरला. लेक आणि जावई सापडले नाहीत. आणखी पुष्कळ जण सापडले नाहीत. तळंच गेल्यामुळे वाचलेल्यांना प्यायला पाणी राहिलं नाही. व्यापारी आले तसे गेले. दुसऱ्या गावी जाऊन म्हणाले, त्या नगरात राहण्यासारखं काही नव्हतंच. वर्षाच्या आत उरलीसुरली माणसं टेकडीपलीकडच्या माळावर, एका ओढ्याशी जाऊन राहिली. आक्काही त्यांच्याबरोबर गेली. दुसरीकडे जाणार तरी कुठे?

तिथे पहिली सभा भरली. पार नव्हता, म्हणून सगळे उघड्यावर बसले. घरं कुठे बांधायची ते ठरवायचं होतं. आक्का बोलायला उठली. महाजन आता खूप थकले होते. सवयीने त्यांच्या तोंडून निघालं, "तुमची नाळ कुठे..."

ते तिथेच अडखळले. त्या मातीत त्यांची स्वतःचीही नाळ नव्हती. बसलेल्यांपैकी कुणाचीच नव्हती.

आक्का म्हणाली, "माझ्या लेकीची नाळ त्या नगरात पुरली होती. आता लेकही तिथेच पुरली आहे. आणखी काही विचारायचं आहे का?"

मग आक्काने ओढ्याकडे बोट केलं आणि घरं त्याच्यापासून किती लांब हवीत ते सांगितलं. सगळ्यांनी ते ऐकलं.

म्हणूनच सांगतो, बोलणारा कुठला एवढंच विचारत बसणाऱ्या गावाला, तो काय बोलला ते वेळेवर कधीच ऐकू येत नाही.