थंडीतली चूक

"मग चूक आली कुठून?" इंद्रनील वालावलकरने विचारलं.

नेवगी बाई मोजणीच्या खोलीबाहेर बाकावर बसून शेंगा सोलत होत्या.

"थंडीतून," त्या म्हणाल्या.

"ते मलाही दिसतंय, बाई!"

"हं…"

यंत्र गार केल्यावर चूक उगवायची ही तिसरी वेळ होती.

इंद्रनील सहा वर्षं परदेशात राहून आला होता. चुंबकांच्या चुका शोधणारा प्रोग्राम लिहून त्याने डॉक्टरेट मिळवली होती, आणि पुढेमागे लोक त्याला 'वालावलकर पद्धत' म्हणतील, असं त्याला मनातून वाटायचं. बाईंकडे डॉक्टरेट नव्हती. तेहतीस वर्षं चुंबकं मोजून त्या निवृत्त झाल्या होत्या. या एका यंत्रासाठी प्रयोगशाळेने त्यांना परत बोलावलं होतं.

यंत्राचं नाव अंड्युलेटर. वरखाली दोन लांब तुळया, दोन्हींवर समोरासमोर चुंबकांच्या रांगा, मधे पाच मिलिमीटरची फट. त्या फटीतून इलेक्ट्रॉन नागमोडी धावतात आणि लखलखीत क्ष-किरण देतात. द्रव नायट्रोजन फिरवून यंत्र उणे एकशे नव्वदपर्यंत गार केलं की चुंबकांचा जोर वाढतो. मात्र फट कुठे जराशी कमीजास्त झाली, की किरण विस्कटले.

किरणांच्या तालातली ही चूक कोनाच्या मापात तीन अंशांच्या आत हवी होती. इंद्रनीलने चुंबकांखाली केसाएवढ्या पातळ पट्ट्या सरकवून ती दोनवर आणली. आलेख रंगीत छापून भिंतीवर लावला.

यंत्र गार केलं. चूक नऊ.

पुन्हा खोलीच्या तापमानाला आणलं. दोन! गार केलं. नऊ. पट्ट्या बदलल्या, प्रोग्राम बदलला, खुर्चीसुद्धा बदलली. एकेका फेरीला चार-पाच दिवस जात होते. अठरा तारखेला इलेक्ट्रॉन फिरवणारी मुख्य रिंग दुरुस्तीसाठी बंद होणार होती. तेव्हा यंत्र तिच्यात बसलं नाही, तर पुढची संधी थेट वर्षाने.

आता एकाच फेरीपुरते दिवस उरले होते.

"प्रोग्राम बरोबर आहे," इंद्रनील म्हणाला. "गारठ्याने सगळं आकसतं, हे मी धरलंय."

"सगळं?"

"सगळं. सारखं."

बाईंनी टरफलं कागदात गुंडाळली, हात धुतले आणि आत गेल्या. इंद्रनील मागोमाग गेला.

यंत्र गार होतं. वरची तुळई अठरा दांड्यांवर टांगलेली होती आणि दांड्यांची टोकं, नटांसकट, यंत्राच्या बंद टाकीबाहेर आली होती. बाईंनी पहिल्या नटावर बोट ठेवलं. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या.

"कोरडा… कोरडा… कोरडा…"

इंद्रनीलला वाटलं, बाईंचं वय झालं.

"कोरडा… ओला."

त्या थांबल्या. बोट त्याच्यासमोर धरलं. बोटावर पाण्याचा थेंब होता.

"ओला… ओला… ओला… कोरडा."

इंद्रनीलने मान वर केली. ओल्या नटांच्या नेमकं वर नायट्रोजनची नळी आत शिरत होती. तिथले चार दांडे जास्त गार होते, म्हणून त्यांच्यावर दव धरलं होतं. ते जास्त आकसत होते, तुळई तिथे वर ओढली जात होती, फट रुंदावत होती. कागदावर अठराही दांडे सारखे होते. कागदाला दव येत नाही.

तो बाईंकडे वळला.

"हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"हो."

"मग सांगितलं का नाहीत?"

"ऐकलं असतंस?"

"…नसतं."

"हं."

गारठ्यात नट फिरवले तर टाकीचे सील गळायची भीती, म्हणून यंत्र आधी खोलीच्या तापमानाला आणलं. दोन दिवसांनी बाईंनी त्याच्या हातात पाना दिला.

"बिघडव."

"काय?"

"हे चार दांडे लांब कर. किती, ते तुझ्या प्रोग्रामला विचार. मोजणीत तो हुशार आहे."

इंद्रनीलने नट फिरवले. स्वतःच्या हाताने स्वतःचं काम मोडताना त्याला घाम फुटला. मग मोजलं.

चूक अकरा!

नेमके त्याच वेळी संचालक मुजुमदार साहेब आत आले. सोबत दोन पाहुणे. साहेबांनी भिंतीवरचा सरळ आलेख पाहिला, मग पडद्यावरचा. एके ठिकाणी तो उंटाच्या पाठीसारखा फुगला होता.

"हे काय झालं?"

"डॉक्टर वालावलकरांचं काम आहे," बाई म्हणाल्या. "विचारा त्यांना."

इंद्रनीलच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. बाईंनीच सांगितलं, असं म्हणायला तोंड उघडलं… आणि मिटलं.

"मुद्दाम केलंय, सर," तो म्हणाला.

"मुद्दाम?"

"गार झाल्यावर बरोबर व्हावं म्हणून."

पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं. "अठरा तारीख लक्षात आहे ना?" एवढं म्हणून साहेब गेले. बाईंनी खिशातून मूठभर शेंगा काढून इंद्रनीलपुढे केल्या. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच.

दीड दिवस यंत्र गार होत राहिलं. दोघं पडद्यासमोर बसले. मोजणीचा प्रोब फटीतून एका टोकाहून दुसऱ्या टोकाला सरकला. उंटाची पाठ सपाट झाली होती.

चूक दोन पूर्णांक चार.

इंद्रनीलने टाळी वाजवली, मग एकट्याचीच टाळी ऐकून ओशाळला. त्याने भिंतीवरचा आलेख काढला, घडी करायला घेतला आणि तसाच हातात धरून उभा राहिला. आकडा त्यावर अजून दोनच होता, नव्यापेक्षा चांगला.

"बाई, खरं सांगा. मी चुकत होतो का?"

बाईंनी चष्मा पुसला. त्याच्याकडे पाहिलं.

"कुठल्या तापमानाला?"