कोंडाबाईची सांगड

वारणेच्या काठी पाणोठे नावाचे लहानसे गाव होते. गाव चढावर, घाट उतारावर, आणि पैलतीरी करंजीच्या रांगेमागे डोंगर. त्या डोंगरातल्या गुहेत श्रीसखोबा महाराजांचा मुक्काम असे. एका वर्षी महाराज नदीच्या अलीकडे आले आणि चातुर्मासभर पाणोठ्याच्या महादेव मंदिरात राहिले. अंगावर काळी घोंगडी, उजव्या कानात लाकडाची बाळी, बोलणे अगदी मोजके. पण त्यांच्यासमोर घटकाभर नुसते बसले तरी जिवाला थंडावा मिळे.

घाटावर भिवा कोळी आणि त्याची बायको कोंडाबाई सांगड चालवीत. बारा सुके भोपळे दोराच्या जाळीत आवळायचे, वर बाज बांधायची, की झाली सांगड तयार. माणसे बाजेवर बसत. एकाने पुढे पोहत दोर ओढायचा, दुसऱ्याने मागून ढकलायचे. कोळ्यांचा यात एक नेम असे. पुढच्याने मागे वळून पाहायचे नाही. वळले की दोर ढिला पडतो, धार सांगडीला आडवी धरते आणि सगळेच पाण्यात. मागच्यावर भरवसा ठेवून पुढे पाहायचे, एवढीच ती विद्या! कोंडाबाई पुढे असे आणि भिवा मागे.

चातुर्मास संपला. महाराजांना पैलतीरी सोडताना कोंडाबाईला रडू आवरेना. महाराज म्हणाले, "रडतेस कशाला, बाळे? मी येईन ना. तुझ्याच सांगडीने येईन." मग घोंगडीच्या टोकाला बांधलेले भोपळ्याचे बी त्यांनी तिच्या पदरात घातले. "तू मात्र घाट सोडू नकोस. नदी आहे तोवर घाटावर कोणीतरी असावे लागते."

त्या गोष्टीला अकरा वर्षे झाली. भिवा तापाने गेला. कोंडाबाई दरसाल ते बी लावी, बारा चांगले भोपळे वेलावरच पिकू देई, उन्हात खडखडीत वाळवी आणि झोपडीच्या आढ्याला टांगून ठेवी. बी भोपळ्याच्या पोटातच राही. पेरणीपुरता एक भोपळा फोडायचा, त्याच्या जागी नवा टांगायचा. सकाळ-संध्याकाळ ती घाटाच्या पायरीवर येऊन पलीकडे पाही. करंजीखाली काही काळे हलले की तिला घोंगडी वाटे. ऊर भरून येई. मग ती कुणाची तरी म्हैस निघे. बिचारी पुन्हा दुसऱ्या दिवशी तिथेच! वाट पाहण्यालाही अंगात बळ लागते, आणि ते तिच्या अंगात उदंड होते.

आता घाटावर सांगड लागत नव्हती. गावचे दाजीबा मोकाशी यांनी सागवानी नाव आणली होती. दाजीबा मनाने वाईट नव्हते, पण नाव आल्यापासून नदी आपल्याच अंगणातून वाहते असे त्यांना वाटू लागले होते. गावाने नको नको म्हटले तरी नवे घरही त्यांनी खाली मळ्यात, पाण्याला लागून बांधले. घाटावर आले की कोंडाबाईची थट्टा केल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

"काय कोंडाबाई, लोकांचा भ्रमाचा भोपळा एकच असतो. तुझे तर बारा!"

"मालक, म्हाराज येनार हाईत."

"यायचेच असते तर माझ्या नावेतून आले नसते का? सागवानी आहे!"

"ते सांगडीनं येतो म्हनलेत."

यावर दाजीबा खो खो हसत आणि सोबतची माणसेही हसत. कोंडाबाई भोपळे पुसत बसे.

त्या वर्षी श्रावण सरता सरता आभाळ फाटले. दोन दिवस असा वारा सुटला की कौले पत्रावळीसारखी उडाली, आणि पाऊस तर उसंतच घेईना. नदी फुगली. मागल्या पुरात नाव वाहून जाता जाता राहिली होती म्हणून दाजीबांनी ती लोखंडी साखळीने घाटावरच्या वडाला जखडली, कुलूप घातले आणि किल्ली कनवटीला लावली. कोंडाबाईने हात जोडले. "मालक, पुरात साखळी नगं. दोर घाला. पानी चढंल तसा सोडत ऱ्हावा."

"आता भोपळेवालीने मला नाव शिकवायची राहिली होती!" दाजीबा म्हणाले आणि घरी गेले.

तिसऱ्या दिवशी उजाडता उजाडता कोंडाबाईने बाराही भोपळे दोराच्या जाळीसकट पाठीवर वाहून देवळाच्या मंडपात नेले. झोपडीतले बाकी काही तिने आणले नाही. दुपार होण्याआधी झोपडी त्या वर्षीच्या वेलासकट गेली. दाजीबांच्या मळ्यालाही पाण्याने चारी बाजूंनी वेढले. मुलगा परगावी होता. दाजीबा, त्यांची म्हातारी आई आणि दिवस भरलेली सून, तिघे कौलांवर चढून बसली. इकडे वडापाशी पाणी चढत होते, साखळी काही चढत नव्हती. नावेने आधी नाक खाली घातले आणि मग ती वडाला बांधल्या बांधल्या बुडाली. किल्ली दाजीबांच्या कनवटीला तशीच होती.

सारा गाव देवळाच्या पायऱ्यांवर उभा राहून पाहत होता. म्हातारा गुरव हळूच म्हणाला, "कोंडे, तुझ्यापाशी सांगड हाय."

कोंडाबाईने आधी भोपळ्यांकडे पाहिले. हे भोपळे महाराजांचे होते. असल्या पुरातून सांगड परत येण्याची आशा नाही, आणि बी तर भोपळ्यांच्या पोटात. भोपळे गेले म्हणजे बी गेले, बी गेले म्हणजे पुन्हा सांगड नाही, आणि सांगड नाही तर महाराज येणार कशावरून? तिने एका भोपळ्यावर हात ठेवला. आतले बी खुळखुळले. तेवढ्यात पाण्यावरून सुनेची किंकाळी आली. बाळंतवेणा सुरू झाल्या होत्या.

कोंडाबाईने डोळे पुसले. "घाटावर कुनीतरी असावं, असं तुमीच म्हनला व्हता, म्हाराज," ती पुटपुटली आणि देवळातली बाज ओढून भोपळे आवळू लागली. मळा देवळापासून धारेच्या वरच्या अंगाला होता, आणि त्याच्याही वर आमराई. तिने सांगड त्या आमराईपर्यंत वाहून न्यायला लावली आणि विचारले, "मागं कोन येतंय?"

कोणी पुढे होईना. चांगली धडधाकट पोरे, पण माना खाली. त्यांना तरी दोष कसा द्यावा? नदीचे रूपच तसे होते.

"मग म्हाराज, मागचं तुमी बघा," असे म्हणून तिने कासोटा घातला आणि दोर खांद्याला लावून पुरात उडी घेतली.

जाताना धारेनेच तिला घराशी नेऊन सोडले. म्हातारी आणि सून बाजेवर बसल्या, दाजीबांनी एका बाजूने दोर धरून अंग पाण्यात सोडले. सांगड सुटली, ती भिंतीच्या कोपऱ्यावर आदळली. एक भोपळा फुटला. सांगड कलली. म्हातारीने "देवा!" म्हणून हंबरडा फोडला. आणि तेवढ्यात मागून भक्कम रेटा आला. सांगड सरळ झाली. कोंडाबाईच्या खांद्यावरचा दोर हलका झाला, अगदी भिवा मागे असायचा तेव्हा होई तसा. रेटा एका लयीत येत होता. तिची मान वळू वळू झाली. कोण आहे? कोण आहे मागे? पण तिने ओठ आवळले आणि देवळाच्या शिखरावर नजर ठेवून ती हात मारत राहिली.

देवळाच्या पायरीशी लोकांनी बायकांना वर ओढून घेतले. दाजीबा वर आले. दोर सुटला आणि रिकामी सांगड बघता बघता वाहून गेली. तेव्हा कुठे कोंडाबाईने मागे पाहिले. मागे नुसते गढूळ पाणी होते.

दाजीबा पाण्याकडे बघत विचारत होते, "तो मागचा म्हातारा कुठे गेला? अरे, त्याला काढा! काळी घोंगडी डोक्याला गुंडाळलेली, कानात लाकडाची बाळी..."

कोंडाबाई त्यांच्याकडे वळली. "तुमास्नी दिसलं, मालक?"

दाजीबांना एकदम सगळे उमगले.

"अकरा वरसं वाट म्या बघितली," कोंडाबाई हुंदके देत म्हणाली, "आन् दर्शन तुमास्नी झालं! आता भोपळं बी गेलं. आता कशावरून येतील वो म्हाराज?"

दिवस मावळायच्या आत सून देवळातच सुखरूप बाळंत झाली. गावभर आनंद झाला. कोंडाबाई मात्र पावसात पायरीवर बसून पैलतीराकडे पाहत होती.

पूर ओसरला. दाजीबांचा मळा गाळाखाली गेला होता. पंधरा दिवसांनी घराच्या त्या कोपऱ्यापाशी गाळातून वेलाची कोवळी टोके वर आली. दाजीबांनी ओळखले. फुटलेल्या भोपळ्याचे बी! त्यांनी तिथे नांगर घालू दिला नाही. स्वतः पाणी घातले, मांडव केला, भोपळे पिकेपर्यंत राखण केली, वाळवले, आणि फाल्गुनात बारा भोपळ्यांचा भारा डोक्यावर घेऊन कोंडाबाईच्या नव्या झोपडीशी आले. या खेपेला थट्टा नाही. भारा ठेवला आणि गेले.

चैत्रातल्या एका सकाळी करंजीखाली काहीतरी काळे हलले. "म्हस असंल," कोंडाबाई स्वतःशीच म्हणाली. त्या काळ्या आकृतीने हात वर केला.

तिने सांगड घाटापुढच्या डोहात लोटली, पण मागे कोण? दाजीबा घाटावरच होते. त्यांनी पगडी काढून पायरीवर ठेवली. "मागे मी," ते म्हणाले.

पैलतीरी महाराज सांगडीवर कधी बसले ते कोंडाबाईने पाहिले नाही. दोर खांद्याला लावून ती पाण्यात उभी होती, आणि डोळ्यांतले पाणी आवरत नव्हते म्हणून मान वर होत नव्हती. सांगड निघाली. ज्यांच्यासाठी अकरा वर्षे डोळ्यांत प्राण आणून बसली, ते आता हाताच्या अंतरावर, पण पाठीमागे! आणि नेम म्हणजे नेम. डोह संपता संपेना.

मधोमध आल्यावर महाराज हळूच म्हणाले, "कोंडे, त्या दिवशीही तू मागे पाहिले नाहीस."

"न्हाई, म्हाराज. लई वाटलं, पन न्हाई बघितलं."

"म्हणून तर मला ढकलता आले, बाळे."

घाट आला. एव्हाना सारा गाव तिथे लोटला होता. कोंडाबाईने दोर पायरीला बांधला आणि मग ती वळली. काळी घोंगडी, लाकडाची बाळी, तेच हसू! ती नुसती पाहत राहिली, नमस्कार करायचेही तिला भान राहिले नाही.

दाजीबा निथळत वर आले आणि महाराजांच्या पायांवर पडले. महाराजांनी त्यांना उठवले आणि कोंडाबाईकडे बोट केले. गावातल्या सगळ्यांसमक्ष दाजीबा मोकाशांनी त्या कोळणीच्या ओल्या पायांवर डोके ठेवले.