उपरण्याखालचा भाव

“मग तो उद्या काय करणार, हे आज कळायला काय करावं, तात्या?”

सन्मती उपाध्येनं हे दुसऱ्यांदा विचारलं. पहिल्यांदा विचारलं तेव्हा घाटावरच्या बाकावर बसलेले तात्या नदीकडं बघत होते. आत्ताही नदीकडंच बघत होते.

“कोण?”

“मंगसुळे. दुसरं कोण?”

सांगलीच्या हळदपेठेत उपाध्यांचं आणि मंगसुळ्यांचं दुकान समोरासमोर. तात्या नांद्रे एके काळी त्याच पेठेतले दलाल. तोंडातून शब्द न काढता, उपरण्याखाली बोटं दाबून भाव ठरवायची तेव्हा रीत होती, आणि तात्यांच्या बोटांपुढं भलेभले घाम पुसत. मग एक दिवस त्यांनी पेठ सोडली आणि घाटावरच्या मठात एक खोली घेतली. त्यालाही तीस वर्षं झाली. लोक अजून येत. बहुतेक सगळे दमलेले असत, पण तसं म्हणत नसत. घाई आहे म्हणत.

सन्मतीलाही घाई होती.

“माझ्याकडं काय नाही सांगा,” तो म्हणाला. “वर्षभर खपून सिस्टिम बसवली. कुठल्या गावची किती हळद आली, कुठल्या गोदामात किती पडून आहे, इंदूरचं गिऱ्हाईक कधी मागवतं, सगळं ह्या मोबाईलवर दिसतं. मंगसुळ्यानं भाव उतरवला की दहा मिनिटांत मला कळतं. मी लगेच उतरवतो.”

“मग तो?”

“तोही उतरवतो.”

“मग तू?”

सन्मतीनं मोबाईल हातात घेतला.

चहा आला. तात्यांनी कप डाव्या हातानं उचलला. उजवा उपरण्याच्या आत होता, सन्मती आल्यापासून आतच होता. सन्मती तेव्हा मोबाईल बघत होता.

“आता उतरायला जागाच नाही राहिली,” तो मान वर न करता म्हणाला. “हळद हातानं निवडायचं बंद करावं लागतंय. शेडमध्ये अठरा बायका आहेत. आजोबांपासून आमचं नाव आहे ते निवडलेल्या मालावरच. पण मंगसुळे निवडत बसत नाही, म्हणून त्याला परवडतं. उद्यापासून काम बंद, असा शेडसाठी निरोप मोबाईलवर लिहून ठेवलाय. पाच वाजता पाठवणार.”

“ठरलंय की सगळं. मग इथं कशाला आलास?”

“एक मोठी सिस्टिम मिळतेय. समोरचा पुढं काय करणार, ते आधीच सांगते म्हणतात. तसं कळलं तर शेड वाचेल. घेऊ का, एवढंच सांगा.”

तात्यांनी कप खाली ठेवला. त्यांना कंटाळा आलेला दिसत होता. पण तो सन्मतीचा नव्हता, फार जुना होता.

“आजोबांनी बोटं शिकवलीत का तुला?”

“लहानपणी. एक बोट म्हणजे एक हजार. दाबलं तर नको, सोडलं तर कबूल.”

“मग वीक मला तुझी हळद. क्विंटलला पंधरा हजारांपासून सुरू कर. बोलायचं नाही.”

त्यांनी उपरण्याचं टोक पसरलं. सन्मतीनं हात आत घातला. म्हाताऱ्याची बोटं थंड होती… सन्मतीनं पंधरा सांगितले.

बोटं हलली. नको.

त्यानं चौदा केले. बोटं पुन्हा हलली. त्यानं तात्यांच्या चेहऱ्याकडं पाहिलं. तिथं काहीच नव्हतं. काय मुरलेला गडी आहे, त्याच्या मनात आलं. तो तेरावर आला. तात्यांच्या अंगठ्यानं एक झटका दिला. म्हणजे तेरा तर लांबच. बारा. करंगळीसुद्धा दाबतेय आता! साडेअकरा. सन्मतीच्या कपाळावर घाम आला. समोरून एक होडी गेली, ती त्याला दिसली नाही.

“अकरा,” तो शेवटी तोंडानंच बोलला. “ह्याच्या खाली मी बुडतो, तात्या.”

“मी कुठं काय म्हणालो?”

“अहो, केव्हापासून दाबताय!”

तात्यांनी उपरणं बाजूला केलं.

त्यांचा उजवा हात मांडीवर पडला होता. अंगठा, करंगळी, मधली बोटं आपापली हलत होती. कुणी धरलेलं नसताना, कुणी काही विचारलेलं नसताना.

सन्मती बघत राहिला… मग ओशाळून म्हणाला, “कधीपासून आहे हे?”

“तीन वर्षं झाली. डॉक्टर म्हणतात, राहणारच.”

“मला वाटलं, तुम्ही…”

“काल मंगसुळेही असाच बसला होता.”

“मंगसुळे? इथं?”

“तुझ्या यंत्रात नाही आलं का?” तात्या पुन्हा नदीकडं वळले. “उपाध्ये उद्या काय करणार, ते कळत नाही म्हणाला. तो उतरला की मला उतरावं लागतं म्हणाला. जेवण जात नाही त्याला. त्यालाही हेच उपरणं दिलं.”

विचारू नये असं वाटत असतानाच सन्मतीनं विचारलं, “कितीपर्यंत उतरला?”

“तू बरा. तू अकराला तरी थांबलास.”

घाटावर कुणीतरी कपडे आपटत होतं…

मग बाकावर ठेवलेला मोबाईल थरथरला. एकदा. पुन्हा एकदा. लाकडावर तो बोटभर सरकला. मंगसुळ्याचा भाव उतरला होता.

सन्मतीचा हात उचलला गेला आणि वाटेतच थांबला. पाचाला सात मिनिटं कमी होती. शेडचा निरोप लिहिलेला तसाच होता.

तात्या थोडे वाकले. दवाखान्यात शेजारच्या रोग्याची विचारपूस करावी, तसं त्यांनी त्या थरथरणाऱ्या मोबाईलकडं पाहिलं.

“ह्याला कधीपासून आहे?”