दहा पायांचा हत्ती

एका गावात एक दहा पायांचा हत्ती होता.

तो पाच मुलांनी बनवला होता. बिस्किटं आणि चिवडा विकणाऱ्या एका मोठ्या कंपनीने देशभरातल्या मुलांना सांगितलं होतं, की आमच्या रिकाम्या पुड्यांपासून काहीतरी नवं करून दाखवा. मग शेवंती आणि तिच्या चार सवंगड्यांनी गावातले उकिरडे पालथे घातले. शेवंतीच्या आईने त्यांच्याबरोबर बसून पुड्या धुतल्या. मुलांनी त्या बांबूच्या कामट्यांवर खळीने चिकटवल्या आणि सोनेरी कानांचा, लाल पाठीचा हत्ती उभा राहिला.

तेव्हा मोठी माणसं पारावर बसून हसत होती. शेवंतीचे आजोबा गावचे सरपंच. सगळे त्यांना अप्पा म्हणत. "सरपंचाची नात आणि उकिरड्यावर," ते म्हणाले. "चांगलं नाव काढलंस माझं."

पाच मुलं आत शिरली की हत्ती चालायचा. पण आत अंधार असे. बाहेरचं फक्त सोंडेपाशी असलेल्याला दिसायचं. तो 'डावा, उजवा' म्हणेल तसे बाकीच्यांनी पाय टाकायचे. पहिल्याच दिवशी सोंडेपाशी कोण, यावरून मारामारी झाली आणि एक कान फाटला. तेव्हा शेवंतीने नियम केला, की आज जो सोंडेपाशी, तो उद्या शेपटीपाशी. पुन्हा कुणी भांडलं नाही.

त्या हत्तीला देशात पहिला नंबर मिळाला.

कंपनीचा माणूस गावात आला. अप्पांच्या हातात पाच तिकिटं देऊन म्हणाला, "हत्ती आणि तो चालवणारे पाच जण राजधानीला पाठवा. मोठ्या मंचावर बक्षीस देऊ."

दुसऱ्या दिवशी पाराजवळ फ्लेक्स लागला. त्यावर अप्पा, हेडमास्तर, दूध डेअरीचे चेअरमन, पोलीस पाटील आणि अप्पांचे मेहुणे हात जोडून उभे होते. हत्ती खाली कोपऱ्यात होता. मुलं कुठेच नव्हती. तिकिटंही त्याच पाच जणांनी वाटून घेतली.

शेवंती एसटी स्टँडवर पोचली तेव्हा हत्ती टपावर चढला होता.

"अप्पा, आणि आम्ही?"

"लांबचा प्रवास आहे, आजारी पडाल. शिवाय तिथे चारचौघांत बोलणार कोण? तू?"

"आम्ही तुमचे मार्गदर्शक ना गं," हेडमास्तर म्हणाले.

"सर, तुम्ही तर आमची खळ फेकून दिली होती. वर्गात वास येतो म्हणून."

हेडमास्तरांनी घड्याळ बघितलं.

शेवंतीच्या डोक्यात जाळ झाला होता. पण हत्ती तिचा होता, त्याची तिला काळजी होती. "निदान आत शिरून चालायचं कसं, ते तरी शिकून जा."

"घ्या," चेअरमन हसले. "आता ही आपल्याला चालायला शिकवणार."

एसटी निघाली. वळणापर्यंत ते सोनेरी कान दिसत राहिले.

बक्षिसाच्या दिवशी सगळा गाव शाळेतल्या टीव्हीसमोर बसला. मंचावरच्या बाईंनी विचारलं, "मुलं कुठे आहेत?"

"ती लहान आहेत," अप्पा म्हणाले. "आम्ही आहोत ना."

"बरं. मग चालवून दाखवा."

पाचही जण वाकून आत शिरले. त्यांचे चेहरे दिसत नव्हते, पण आवाज माइकवर येत होते.

"सोंडेपाशी मी. सरपंच कोण आहे?"

"शाळा माझी आहे."

"मग मी काय शेपटीपाशी उभा राहू? गावात तोंड कसं दाखवू?"

सगळे पुढेच घुसले. हत्तीचं डोकं फुगलं, मागची बाजू लोळू लागली, कामट्या कडाकड मोडल्या आणि लाल पाठ उभी फाटली. त्यातून एकेक मोठा माणूस बाहेर पडला, डोक्याला पुड्या चिकटलेला. सभागृह पोट धरून हसलं.

"बक्षीस मुलांचं आहे," बाई म्हणाल्या. "ती हत्ती चालवत येतील, तेव्हा देऊ."

शेवंती हसली नाही. उठून तिने टीव्ही बंद केला.

अप्पा परतले ते तक्रार करतच. "मंचच उतरता होता. असू दे. पोरांनो, दुसरा हत्ती करा. या वेळी तुम्हालाही नेतो."

"तुम्ही आम्हाला नेणार नाही, अप्पा," शेवंती म्हणाली. "आम्ही जाणार आहोत. सोबत आई येईल, तिने पुड्या धुतल्या होत्या. तुम्हाला काही करायचंच असेल तर पुड्या आणून द्या. उकिरडा कुठे आहे ते तुम्हाला माहीत आहे."

"पोरगी फारच तोंड चालवते," मेहुणे पुटपुटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र अप्पा पोतं घेऊन उकिरड्यावर वाकलेले दिसले. बाकीचे चौघे पारावरून बघत होते. हसावं की नाही, ते त्यांना ठरवता येत नव्हतं.

पोतं भरल्यावर अप्पांनी ते नातीपुढे ठेवलं आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले. शाबासकीची वाट बघत असावेत.

शेवंतीने पोत्यात डोकावून पाहिलं. "या धुवायच्या राहिल्यात," ती म्हणाली.

हत्ती पुन्हा उभा राहिला. राजधानीला गेला आणि दहा पायांवर ऐटीत चालला. त्या दिवशी सोंडेपाशी कोण होतं, ते बाहेर कुणालाही कळलं नाही.

तात्पर्य: ज्याने उकिरडा तुडवला नाही, त्याने सोंडेपाशी जागा मागू नये. मुलांना हे ठाऊक असतं. ही गोष्ट घरातल्या मोठ्यांना वाचून दाखवा.