मथुरेच्या हातावरची छडी

भाविकहो, विरूपानाथ महाराज त्या वर्षी हातगेवाडीत खंडोबाच्या ओवरीत उतरले होते. शेजारीच कोंडाबाई कुंभारणीचे घर. नवरा चैत्रात गेलेला, चाक बंद पडलेले आणि घरात एकुलती एक लेक, मथुरा. नऊ वर्षांची पोर. पण पाटीवरचे अक्षर तिच्या डोळ्यांपुढे ठरतच नसे. आत्ता ओळखलेले अक्षर खालच्या ओळीत आले की तिला परके वाटे. गुंडोपंत मास्तर रोज छडी ओढत. मास्तर विद्वान खरे, पण विद्येचा ताठा असा की बोलायची सोय नाही! त्यांनी सांगूनच टाकले होते, "दसऱ्याच्या पाटीपूजनाला हिनं स्वतःचं नाव लिहिलं नाही, तर हिची शाळा बंद. माझ्या शाळेत मठ्ठ पोरं नकोत."

त्या दिवसापासून पोर बोलेनाशी झाली. जेवेना. कोंडाबाई रडत ओवरीत आली.

"म्हाराज, पोरीनं शिकावं अशी तिच्या बापाची लई हौस होती हो. मरताना बी त्येच बोलला. आता म्या काय करू?"

महाराज उठून तिच्या अंगणात गेले आणि मळलेल्या मातीचा गोळा घेऊन मथुरेसमोर फतकल मारून बसले. मातीच्या वळ्या करून त्यांनी एक अक्षर घडवले.

"डोळे मीट बाळ. चाचपून सांग, हा कोण?"

ती चुकली की महाराज स्वतःच्या नाकाला चिखल फासून घेत. बरोबर आले की तिने त्यांच्या दाढीला फासायचा! बाप गेल्यापासून पोर पहिल्यांदा हसली. कोंडाबाई चुलीपाशी तोंडात पदर कोंबून रडली.

मास्तर वाटेने चालले होते. ते थांबून म्हणाले, "वा महाराज! पाटीवर जमेना, ते चिखलात जमणार?"

महाराज म्हणाले, "पंत, तिच्या डोळ्यांना जे दिसत नाही, ते बोटांना दिसतंय. जरा धीर धरा."

"दसरा तोंडावर आलाय, आणि म्हणे धीर धरा!" मास्तर हसत निघून गेले. खेळ मात्र रोज चालू राहिला; चाचपून ओळखलेले अक्षर पोर मातीत बोटाने गिरवू लागली.

दसऱ्याला सारा गाव शाळेत जमला. मथुरेच्या हाती पाटी दिली. पाटीकडे पाहताच तिला काही सुचेना. तिने डोळे गच्च मिटले आणि मातीत फिरवावे तसे बोट लेखणीवर दाबून पहिले अक्षर काढले.

"सरस्वतीपुढं झोपतेस? एवढा माज!" मास्तर गरजले आणि पाटी धरलेल्या तिच्या डाव्या मनगटावर त्यांनी सणसणीत छडी ओढली. कोंडाबाई किंचाळली. पण काय आश्चर्य सांगावे! पोर जागची हलली नाही. तिला काही लागलेच नव्हते. लेखणी चालत राहिली. तिने पाटी वर केली, तेव्हा तिच्यावर वेडेवाकडे, पण स्पष्ट नाव होते: मथुरा.

"एवढंच घोकून आली असेल," मास्तर पुटपुटले.

संध्याकाळी सोने द्यायला गाव ओवरीत गेला. रीत म्हणून मास्तरही गेले. महाराजांनी ओंजळ पुढे केली. आपट्याची पाने ठेवताना मास्तर थबकले. महाराजांच्या डाव्या मनगटावर रक्त साकळलेला ताजा वळ होता. महाराज तर दिवसभर ओवरीतून हलले नव्हते!

"हे... हे कशानं महाराज?"

"तुमचीच छडी, पंत. ओळखली नाही?"

मास्तरांच्या हातातली पाने गळून पडली. "चुकलो, महाराज!" म्हणत त्यांनी पायांवर लोटांगण घातले. महाराजांनी पाय मागे घेतले. त्यांचे डोळे भरून आले होते.

"माझा एक वळ दिसला तुम्हाला. वर्षभर त्या लेकरानं खाल्ले, ते कुणाच्या हातावर बघणार?"

मास्तर कसेबसे उठले. कोंडाबाईच्या आडोशाला मथुरा उभी होती. सगळ्या गावादेखत ते तिच्यापुढे वाकले. मास्तर जवळ येताच पोरीने सवयीने दोन्ही हात पाठीमागे लपवले. ते पाहून मास्तर जे तिच्या पायांवर कोसळले, ते ढसाढसा रडत राहिले.