माडाचे पाय आणि माडाचे तोंड

फार फार जुनी गोष्ट. समुद्राकाठच्या एका गावात घाटावरची एक मुलगी सून म्हणून आली. परसात एकच माड होता. या परक्या गावात तिला पहिल्यांदा आपले वाटले, ते त्याच्या सावलीत.

उन्हाळा तापला आणि माडाची कोवळी बोंडे गळू लागली.

"माडाच्या पायाशी पाणी घाल गो," सासू म्हणाली. "अमावास्येपर्यंत गळ थांबली नाही, तर तोडून ओढ्यावर साकव घालू. निदान चालायला तरी उपयोगी पडेल!"

सून रोज कळश्या भरभरून बुंध्याशी ओतू लागली. तिथे चिखल झाला, बेडूक राहायला आले. विहीर खाली गेली, पण बोंडे गळतच राहिली.

"आता भातच लाव तिथे!" शेजारीण कुंपणावरून हसली.

सुनेने कळशी खाली ठेवली. एवढे पाणी जाते कुठे, हे तिला पाहायचे होते. काठीने तिने बुंध्यापासून जरा दूर उकरले. तिथली माती मुठीत दाबली, तर भुगा होऊन बोटांतून निसटली. त्या भुग्यात दोऱ्यासारखी बारीक मुळे सुकत होती आणि एक गांडूळ तळमळत होते.

"गांडूळदादा, मी तर रोज पाणी घालते!"

"घालतेस कुठे? धुतेस! उन्हातून पाहुणा आला, तर काय करतेस?"

"पाय धुवायला पाणी देते. मग गूळ-पाणी."

"मग या पाहुण्याचे नुसते पायच किती दिवस धुणार? त्याची तोंडे इथे आहेत, माझ्या शेजारी."

सून खुदकन हसली. बुंधा सोडून तिने भोवती रुंद आळे केले, त्यात पाणी सोडले, वर वाळल्या झावळ्या पसरल्या. दुसऱ्या दिवशी आत हात घालून माती दाबली, तर लाडू वळला.

"आज पाणी नाही का गो?" सासूने विचारले.

"त्याला आज तहान नाही, सासूबाई."

अमावास्येला सासू कुऱ्हाड घेऊन परसात आली. जमिनीवर एकही बोंड नव्हते. तिने वर पाहिले, तर बोंडे माडावर घट्ट टिकून होती. मग कुऱ्हाड भिंतीला टेकवून म्हणाली, "साकव राहू दे. ओढा उडी मारून ओलांडू."

तात्पर्य: माया करायची, तर आधी तहान कुठे आहे ते पाहावे.