दारी मागायचे पाणी

पूर्वी चंपका नदीकाठी सोमदत्त नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व नावाड्याच्या घरी जन्माला आला. वडील गेल्यावर नाव त्याच्या हाती आली. उत्तर काठी विणकरांची वस्ती होती, दक्षिण काठी कुंभारांची. त्याची आई विणकरांकडची, वडील कुंभारांकडचे. त्यामुळे दोन्हीकडच्या रीती त्याला ठाऊक होत्या.

आणि रीती तरी कशा! विणकरांत मुलाने मुलीच्या दारी जाऊन पाणी मागायचे. मुलगी स्वतः पाणी घेऊन बाहेर आली, की लग्न ठरले. मुलीने आधी ओढ दाखवली, तर तिला निर्लज्ज म्हणत. कुंभारांत नेमके उलटे. तिथे मुलीच्या घरून मुलाकडे पेटता दिवा पाठवायचा, आणि आपण होऊन मागणी घालणाऱ्या मुलाला लोक हसायचे. दोन्ही काठांना वाटे, साऱ्या जगात असेच चालते. आता काय म्हणावे!

विणकरांची अनुला आणि कुंभारांचा सोणक यांची उत्तर काठच्या बाजारात ओळख झाली आणि दोघांचा जीव एकमेकांत अडकला. तो दारी कधी येतो म्हणून ती वाट बघू लागली, आणि तिच्या घरून दिवा कधी येतो म्हणून तो. दोघेही मानी. कुणीच तोंड उघडेना. अशी वर्षे निघून गेली.

अनुला सूत आणायला नावेतून जाई. "दादा, पलीकडे सगळे बरे आहेत ना?" एवढेच विचारी आणि पाण्याकडे बघत बसे. ती कुणाबद्दल विचारते, ते बोधिसत्त्वाला कळे. त्या 'दादा'चे त्याला फार वाईट वाटे, कारण त्याचेही मन तिच्यावरच जडले होते. ती आली नाही, की त्याला सगळी नदी ओसाड वाटे.

एके दिवशी अनुलाचे वडील घाटावर आले. म्हणाले, "पोरगी झुरून अर्धी झाली रे. कुणासाठी, ते काही सांगत नाही. तू आमच्यातलाच. उद्या दारी येऊन पाणी माग. तिला मी समजावतो."

घरी हे ऐकून आईला कोण आनंद झाला! बोधिसत्त्व म्हणाला, "आई, तिचं मन सोणकावर आहे. त्याला विणकरांची रीत माहीत नाही, एवढंच आडवं आलंय."

"मग तू कशाला सांगायला जातोस?" आई म्हणाली. "तुला खोटं बोल म्हणतंय का कुणी? नुसता गप्प बस."

दुसऱ्या दिवशी धुतलेले वस्त्र नेसून तो निघाला. नावेत सोणक आधीच मडकी रचून बसला होता. "हा शेवटचा फेरा, नावाडीदादा," तो म्हणाला. "पुन्हा त्या बाजारात पाऊल टाकणार नाही. दिव्याची किती वाट बघायची? मी नको असेन, तर तसं तोंडावर सांगायचं ना!"

बोधिसत्त्व वल्हवत राहिला. काठ जवळ येत होता. तो बोलला नाही, तर संध्याकाळपर्यंत अनुला त्याची होणार होती. पण आपल्या घरात येऊनही ती अशीच पलीकडच्या काठाकडे बघत बसेल, हे त्याला कळत होते. त्याने वल्हे आत ओढले.

"सोणका, तिच्या घरून दिवा कधीच येणार नाही. त्यांच्यात तो पाठवतच नाहीत. त्यांच्यात पोरानं दारी जाऊन पाणी मागायचं असतं. ती तुझीच वाट बघतेय."

"मी मागू?" सोणक ताडकन उठला, तशी नाव हेलकावली. "लोक हसतील मला!"

"तुझ्या काठचे हसतील. तिच्या काठी कुणी हसणार नाही. पण आजच जा."

"आजच का?"

"कारण आज मी जाणार होतो," बोधिसत्त्व म्हणाला.

सोणकाने त्याच्या वस्त्राकडे पाहिले. काठ लागताच मडकी नावेतच टाकून तो धावत सुटला.

बोधिसत्त्व मडकी राखत बसला. दुपार कलल्यावर वस्तीतून मंगलवाद्ये ऐकू आली. त्याला रडू कोसळले, आणि त्याने ते आवरले नाही.

"हातातली घालवलीस रे!" आई हळहळली.

"घालवली, आई," तो म्हणाला. "मला ती हवी होती. अजूनही हवी आहे."

पुढे अनुलाला सासरी त्यानेच पोहोचवले. तो स्वतः मात्र कधी कुणाच्या दारी गेला नाही. नावेत बसणाऱ्या तरुण पोरापोरींना पलीकडची रीत समजावून सांगत त्याने जन्म काढला.

घरच्या आठवणीने व्याकुळ झालेल्या एका भिक्षूला सर्वांसमोर ही कथा सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा सोणक म्हणजे आजचा माझा शिष्य आनंद. ती आई म्हणजे मला वाढवणारी महाप्रजापती गौतमी. नावाडी मीच होतो. आणि अनुला म्हणजे राहुलमाता, माझी पत्नी. त्या जन्मी ती मला हवी होती, पण मिळाली नाही. या जन्मी मिळाली, आणि ती झोपेत असताना मी घर सोडले."

मग शास्ते म्हणाले, "खोटे न बोलणे सोपे असते. ज्यात आपलेच नुकसान आहे, ते खरे आपण होऊन सांगणे, ही सत्यपारमिता, सत्याची परिपूर्णता."